यंत्रातले मामा आणि खाटेवरचे मामा

सोलापुरातल्या एका म्हाताऱ्या विणकराचा उजवा हात लुळा पडला, त्याला मी जबाबदार आहे. आरोप पहिल्या ओळीतच करायचा, हे मला पत्रकं लिहायला शिकवलं तेव्हाच सांगितलं होतं. वाचणारा रस्त्यात उभा असतो, हातात भाजीची पिशवी असते, तो दुसऱ्या ओळीपर्यंत थांबेल याची खात्री नसते. आजवर हा नियम मी मालकांसाठी, साहेबांसाठी आणि नगरसेवकांसाठी वापरला. स्वतःसाठी पहिल्यांदाच वापरतेय.

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "एआय वापरून म्हाताऱ्या माणसांसाठी वस्तू कशा बनवायच्या, हे तुम्ही कॉलेजात शिकवता. वाचकांना नवीन आहे. बक्षीस मिळालं म्हणे, त्याचंही येऊ द्या." लिहिते. बक्षिसाचंही लिहिते. दिवाळी अंकात अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त असतात. कुणी पोस्टमास्तर, कुणी हेडनर्स. त्यांच्या गाठीला तीस-चाळीस वर्षं असतात. मी अठ्ठावीस वर्षांची आहे. माझ्या गाठीला सहा वर्षं पत्रकांची आणि दोन वर्षं कॉलेजची. पण पस्तावायला नोकरीची काही ठरावीक मुदत लागत नाही, हे मला कळलंय.

पत्रकं मी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत लिहायला शिकले. नळाला पाणी नाही, लिही पत्रक. रेशन दुकानदार माप मारतो, लिही पत्रक. चांगलं पत्रक एका पानाचं असतं, त्याला एक माणूस लागतो आणि शेवटी मागणी लागते. तो माणूस फार महत्त्वाचा. 'यंत्रमाग कामगारांचे प्रश्न' असं लिहिलं तर लोक त्याच्यात भजी बांधून नेतात. 'मी मल्लय्या बोलतोय' असं लिहिलं की थांबून वाचतात.

मल्लय्यामामा खरे होते, आहेत. पूर्व भागातल्या एका खोलीत ते आणि त्यांची बायको राजव्वा राहतात. राजव्वाला सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही म्हणते. एकच लेक, ती लग्न होऊन भिवंडीला गेली. मामांनी चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात लूम चालवला, पुढं लूम दुरुस्तही करायला लागले. कारखाना बंद पडला आणि हातात काही न पडता मामा घरी बसले. आमच्या संघटनेनं अशा कामगारांच्या पेन्शनची मागणी हातात घेतली तेव्हा मी त्यांच्या घरी वही घेऊन गेले.

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मामा खाटेवर बसले होते. अक्का उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मी जमिनीवर बसून वही उघडली.

"मामा, किती वर्षं काम केलं?"

"चाळीस वर्षं की," अक्का म्हणाली.

"त्रास काय काय होतो?"

"पाय सुजत्यात. छातीत धुरळा गेलाय. बीपी हाय, दोन टायमाला गोळी लागतीय. मीच देती. लिवलंस?"

"लिहिलं. मालकानं काय दिलं?"

"घंटा," अक्का म्हणाली. "हे पण लिव."

मामा माझ्याकडे बघून हसत होते. सगळा वेळ त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर होती. किती लक्ष देऊन ऐकतायत, असं मला वाटलं. मी मान खाली घालून भराभरा लिहीत होते. माझा हात वेगानं चालतो, एक शब्द सुटत नाही, याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

घरी येऊन मी 'ते म्हणाले' काढून 'मी' घातलं. याला आमच्यात धार लावणं म्हणतात. 'चाळीस वर्षं मी तुमच्या अंगावरची चादर विणली. आज माझ्या अंगावर काय आहे?' हे वाक्य अक्काचं नव्हतं, मामांचं तर नव्हतंच. माझं होतं. पत्रक गाजलं. चहाच्या टपऱ्यांवर मोठ्यानं वाचलं गेलं. गल्लीतल्या बायकांनी अक्काला सांगितलं, "मामा काय बोलल्यात गं, डोळ्यात पाणी आलं." अक्का खूश. मामा हसले. पेन्शन काही मिळाली नाही, पण त्याचं पत्रक वेगळं.

ते पत्रक वाचूनच हिरेमठ सरांनी मला बोलावलं. सर एका कॉलेजात वस्तुरचना शिकवतात. माणूस सरळ आहे, हे आधीच सांगते, कारण पुढं मला त्यांच्यावर चिडायचं आहे. ते म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांसाठी वस्तू बनवण्याचा नवा अभ्यासक्रम काढलाय. मुलं हुशार आहेत, पण म्हाताऱ्या माणसाशी कुणी बोललेलं नाही. तुम्ही माणसं ओळखता. आम्हाला माणसं द्या."

माणसं द्या म्हणजे काय, ते सांगते. समजा तुम्हाला एखाद्या आजीसाठी पाण्याची बाटली बनवायचीय. आधी तिला विचारायला हवं, की झाकण फिरवता येतं का, बोटं दुखतात का, पकड बसते का. एकदा विचारून भागत नाही. दर वेळी चित्र बदललं की परत विचारायचं. मग कॉलेजात आम्ही एआयला एका माणसाची माहिती द्यायचो. वय, घर, काम, दुखणी, बोलायची ढब. आणि सांगायचो, आता तू हा माणूस हो. मुलं प्रश्न टाइप करत, स्क्रीनवर तो माणूस उत्तर देई. मुलांनी वस्तूचं चित्र दाखवलं की म्हणे, "पोरा, बटण लई बारीक झालं." एका वस्तूची दहा चित्रं काढायलाही एआयच.

खोटं कशाला बोलू, यात चांगलंही होतं. लघवीबद्दल, कवळीबद्दल, अंघोळीला बसता-उठताना होणाऱ्या फजितीबद्दल मुलं समोरासमोर कधी विचारू शकली नसती, ते यंत्राला विचारून मोकळी होत. मीही माझी भर घातली. बोटांना चिकटपट्टी गुंडाळून सुईत दोरा ओवायला लावायचा, चष्म्याला खोबरेल चोपडून लाइटबिल वाचायला लावायचं, गुडघा बांधून जिना चढायला लावायचा. मुलं रडकुंडीला येत. कानात कापूस घालायचं मात्र मला कधी सुचलं नाही. एवढं लक्षात ठेवा.

खऱ्या म्हाताऱ्या माणसांकडेही आम्ही सुरुवातीला एक-दोनदा गेलो. मोहोळच्या एका आजोबांना मुलं काठीबद्दल विचारायला गेली. त्यांनी आधी मुलांकडून रेडिओ दुरुस्त करून घेतला आणि मग म्हणाले, "काठी म्हाताऱ्यांना लागतीय." वय ऐंशीच्या पुढं. मैंदर्गीच्या एका आजींनी दोन तास फक्त सुनेबद्दल सांगितलं, तेही कानडीत. यंत्रातली म्हातारी माणसं मात्र विषय सोडत नसत, खोटं बोलत नसत, "ऊठ आता, मला भाकरी थापायच्यात," असं म्हणून हाकलत नसत. हळूहळू बाहेर जाणं बंद झालं. कुणी बंद केलं नाही. झालं.

मी सहा म्हातारी माणसं तयार केली. सगळी माझ्या पत्रकांमधून. सगळ्यात लाडके मल्लय्यामामा. मुलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मामा, कसे आहात?" आणि यंत्रातले मामा म्हणाले, "पोरांनो, चाळीस वर्षं मी लोकांच्या अंगावरची चादर विणली." माझ्या अंगावर काटा आला. ते माझंच वाक्य होतं आणि मला वाटलं, मामाच बोलतायत.

त्या वर्गात प्रणाली होती, टेंभुर्णीची. वडिलांचं हायवेवर गॅरेज, त्यामुळे हातात पाना घेऊनच वाढलेली. तिनं गोळ्यांचा डबा करायला घेतला. यंत्रातल्या मामांना विचारलं, "मामा, गोळी विसरता का?" मामा म्हणाले, "वय झालं पोरी, विसरायला होतं. वेळेवर कुणी हाक मारली तर लगेच घेतो. आपल्या माणसाची हाक असली तर फारच बरं."

दुसऱ्या दिवशी प्रणाली माझ्याकडे आली.

"ताई, एकदा खऱ्या मामांना भेटूया का? उगंच, बघून येऊ."

"काय गरज?" मी म्हटलं. "सहा वर्षं ओळखते मी त्यांना. त्यांचं म्हणणं गावाला मीच ऐकवलंय. माझ्यावर विश्वास नाही का?"

"तसं न्हाई ताई…"

"मग कर ना काम."

तिनं काम केलं. लेखात पुढं जे काही येणार आहे, ते इथं थांबू शकलं असतं. ती विचारायला आली होती, मी तिला परत पाठवलं. आणि मी कोण, तर माणसांचं ऐकून घ्या म्हणून कलेक्टर ऑफिससमोर घोषणा देणारी.

डबा सुरेख झाला. सात दिवसांचे चौदा कप्पे. वेळ झाली की त्या वेळेचा कप्पा आपोआप उघडणार आणि डब्यातून अक्काच्या आवाजात हाक येणार, "ऐकलं का, गोळी घ्या की." आवाज भरायला आम्ही अक्काला कॉलेजात आणलं होतं. ती लाजली, मग तीनदा म्हणाली, तिसऱ्यांदा इतकी खणखणीत, की शेजारच्या वर्गातून शिपाई आला. हाक मारली गेली, कप्पा उघडला, की माझ्या फोनवर हिरवी खूण उमटणार. गोळी उचलली की नाही हे कळायची सोय पुढच्या वेळी करू, असं ठरलं.

कॉलेजच्या प्रदर्शनात डब्याला पहिलं बक्षीस मिळालं. मामा आणि अक्का पहिल्या रांगेत. डबा बोलला, सगळे टाळ्या वाजवायला लागले, मामांनी सगळ्यांकडे बघितलं आणि हात जोडले. निवेदिकेनं माइक पुढं केला, "मामा, कसं वाटलं?"

अक्कानं माइक घेतला. "लई आनंद झालाय म्हणत्यात."

मग आम्ही डबा त्यांच्या घरी बसवला. पोरंसोरं हात लावतील म्हणून मीच तो खाटेच्या मागच्या फळीवर उंच ठेवला. तीन दिवस घरी चाचणी घेतली. सकाळी डबा बोलला, मामा उठले, गोळी घेतली. संध्याकाळी तेच. सहापैकी सहा वेळा. अक्का समोर बसलेली असायची. डबा बोलला की तिची हनुवटी आपोआप फळीकडे जायची. मी ते बघितलं होतं. बघून वहीत लिहिलं नव्हतं, कारण ते महत्त्वाचं वाटलं नाही.

आता अक्काचं सांगते, कारण सगळं त्याच्यावर अवलंबून होतं. भिवंडीची लेक दुसऱ्यांदा पोटुशी होती. पहिल्या बाळंतपणाला अक्का जाऊ शकली नव्हती, मामांच्या गोळ्या कोण देणार म्हणून. ते बाळ राहिलं नाही. आई आली असती तर, असं लेक एकदा फोनवर बोलली होती, आणि अक्कानं ते मनात धरून ठेवलं होतं. या वेळी डॉक्टरांनी लेकीला प्रवास करायचा नाही म्हणून सांगितलं होतं. अक्कानं मला विचारलं, "मशीन हाक मारतंय ना? माझाच आवाज हाय ना? मग मी जाऊ का?"

मी म्हटलं, "बिनधास्त जा, अक्का."

या तीन शब्दांना मी धार लावली नव्हती. ते जसेच्या तसे माझे आहेत.

अक्का रविवारी गेली. शेजारणीकडे मामांच्या जेवणाचं सांगून गेली. रोज माझ्या फोनवर दोन हिरव्या खुणा येत. त्या बघून मी निवांत चहा प्यायचे. शेजारीपाजारी भिंतीपलीकडून हाक ऐकत आणि हसत, "अक्का गेली भिवंडीला, आवाज हितंच ठिवून गेली." सगळी गल्ली ऐकत होती. हिरव्या खुणांमुळे कॉलेजात बसून मीही ऐकत असल्यासारखीच होते. ज्याला ऐकायचं होतं तो सोडून.

शनिवारी सकाळी शेजारणीचा फोन आला. "ताई, डब्यावर तुमचा नंबर हाय म्हणून केला. मामाचं तोंड वाकडं झालंय."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बीपीच्या गोळ्या चालू होत्या का?" मी छाती पुढं काढून फोन दाखवला. हिरव्या खुणा. रोज दोन. डॉक्टर मामांकडे वळले, "काका, नाव सांगा तुमचं." मामा छताकडे बघत होते. "काका!" काहीच नाही. डॉक्टरांनी मामांच्या कानाजवळ टाळी वाजवली. पापणीही हलली नाही.

"यांना ऐकू येत नाही," डॉक्टर म्हणाले. "कधीपासून?"

"येतं की," मी म्हटलं.

"मॅडम, हे आजचं नाही. कुठं कामाला होते?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. मी तिथून मामांच्या खोलीवर गेले. डब्याचे तेरा कप्पे उघडे होते. दोन रिकामे. अकरांत गोळ्या जागच्या जागी होत्या. पहिल्या दिवशी अक्का निघताना दोन्ही वेळचं खुणावून गेली असणार, म्हणून त्या दिवशीच्या दोन घेतल्या. नंतर पाठीमागच्या उंच फळीवर काहीतरी उघडतंय, बोलतंय, हे मामांना कळायचं काही कारणच नव्हतं. चाचणीत ते डब्याचं ऐकून नाही, अक्काची हनुवटी बघून उठत होते. आयुष्यभर गोळी त्यांच्या तळहातावर आली होती.

अक्का दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवरून थेट वॉर्डात आली, हातात पिशवी तशीच. तिनं मामांच्या खांद्यावर हात ठेवला. मामांनी डोळे उघडले. मग ती बोलायला लागली, पण आवाज नाही, नुसते ओठ. मामांनी वाकड्या तोंडानं तसंच उत्तर दिलं. बराच वेळ दोघं बोलत होते आणि वॉर्डात काहीही ऐकू येत नव्हतं.

मग मी तिला बाहेर नेलं. "अक्का, मामांना ऐकू येत नाही, हे सांगितलं का नाही कधी?"

"न्हाय कसं? माझं सगळं कळतंय त्यांना."

"डॉक्टर म्हणतात, बहिरे आहेत."

"बहिरे न्हाईत गं. लूमवाले हाईत. सगळे लूमवाले असेच असत्यात. शंभर लूम चालल्यावर तितं कुणाला ऐकू येतंय? तोंडाकडं बघून बोलत्यात." ती माझ्याकडे बघत राहिली. "तू इतकी वर्षं येतीस की. तुला म्हाईत न्हाय?"

मी हातातला फोन पिशवीत टाकला.

"पत्रकात तर लिवलंस, मी मल्लय्या बोलतोय म्हणून. कवा बोलले ते तुझ्याशी? मीच बोलत हुते की."

ती चिडून बोलली नाही. चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं, चिडलेल्या माणसांशी बोलायची मला सवय आहे. त्यानंतर तीन दिवसांनी भिवंडीहून फोन आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. अक्का फोन कानाला लावून रडत होती, आणि मामा खाटेवरून तिचा चेहरा वाचत होते. चेहरा रडका, मग बातमी वाईटच असणार, असं समजून ते धडपडत उठायला लागले. उजव्या हातावर जोर दिला आणि आडवे झाले.

पुढं कॉलेजात बैठक झाली. 'प्रकल्पातून मिळालेली शिकवण' असा एक तक्ता कुणीतरी करून आणला होता. मी तो फाडला. त्याबद्दल माफी मागितलेली नाही, मागणार नाही. घरी येऊन पत्रक लिहायला बसले, 'यंत्रानं घेतला विणकराचा हात'. मथळा झकास होता. खाली काय लिहायचं? यंत्रानं काय केलं होतं? मी जे सांगितलं ते बोललं होतं. एका बाईचं बोलणं मी एका माणसाच्या तोंडी घातलं, यंत्रानं ते तोंड खरं मानलं. कागद चुरगाळला. माझ्या आयुष्यात मथळ्यावर थांबलेलं ते एकच पत्रक.

हिरेमठ सर दवाखान्यात तीनदा येऊन बसले होते, हेही लिहिलं पाहिजे. पण कॉलेजात परत आल्यावर ते म्हणाले, "मामांची माहिती दुरुस्त करून घेऊ. ऐकू येत नाही, एवढं त्यात घाला." मी घातलं. नव्या तुकडीतल्या एका मुलीनं यंत्रातल्या मामांना विचारलं, "मामा, ऐकू येत नाही तर कसं वाटतं?" मामा म्हणाले, "पोरी, चाळीस वर्षांच्या गोंगाटानंतर माझ्या वाट्याला शांतता आली. पण ही शांतता भिंतीसारखी आहे." मुलीनं डोळे पुसले. वाक्य छान होतं. असली वाक्यं मी झोपेत लिहू शकते.

प्रणाली मागं उभी होती. बक्षिसाचं प्रमाणपत्र तिनं नेलंच नव्हतं, ते अजून सरांच्या कपाटात आहे. ती म्हणाली, "ताई, आता तरी जाऊया?"

आम्ही गेलो. मामा खाटेवर, अक्का उंबऱ्याशी. मी जमिनीवर बसले, सवयीनं वही उघडली, मान खाली घातली आणि म्हटलं, "मामा, तब्येत कशी आहे?"

डावा हात पुढं आला आणि दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली.

अक्का हसली. "कारखान्यात असंच करत्यात. तोंड दिसल्याबिगर काय कळणार?"

सहा वर्षं तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी त्याला माझा भांग दाखवत होते. मी वही मिटली. मामांच्या डोळ्यांत बघून सावकाश विचारलं, "मामा, आता शांत शांत वाटतं का?"

मामा हसले. "शांत?" आवाज घोगरा होता, थोडा वाकडा. "लूम चालूच हाय की. हितं." त्यांनी कानाला नाही, डोक्याला बोट लावलं. "झोपंत पण चालू."

अक्का म्हणाली, "कायतरी बोलत्यात. लूम कसला?" म्हणजे हे तिलाही माहीत नव्हतं. आम्ही तिलाच विचारत राहिलो, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं.

प्रणाली खाटेजवळ सरकली. "मामा, डबा चुकला माझा. कसा करायचा होता?"

मामांनी वर बघितलं. मग डाव्या हातानं वरच्या पंख्याकडे बोट दाखवलं. "हाक कशाला? थांबीव."

"काय थांबवू?"

"पंखा." मग त्यांनी हातानं लूम दाखवला, इकडून तिकडं जाणारा धोटा दाखवला. आडवा धागा तुटला की लूम आपोआप थांबतो. कामगाराला ऐकायला लागत नाही, हाताखालचा हादरा थांबतो, लगेच कळतं. तसं गोळीची वेळ झाली की पंखा थांबायला पाहिजे. सोलापूरच्या उकाड्यात पंखा थांबला की मेलेलं माणूस उठून बसेल. गोळी उचलली की पंखा परत चालू. "सोपं हाय," मामा म्हणाले.

प्रणालीनं त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. तिच्या नजरेला मी नजर दिली, कारण द्यायला पाहिजे होती. हा माणूस आयुष्यभर यंत्रं दुरुस्त करत आला होता. आम्ही त्याला काय म्हणत होतो? 'वापरकर्ता'. चांगल्या यंत्राची अक्कल अख्ख्या कॉलेजात नसेल इतकी त्या खाटेवर होती, आणि आम्ही तिला चादरीत गुंडाळून लोकांना रडवत होतो.

अक्का चहा टाकायला उठली, आमच्याकडे पाठ करून स्टोव्हपाशी बसली. मी विचारलं, "मामा, पत्रक परत लिहायचंय. तुमची मागणी काय?"

मामांनी अक्काच्या पाठीकडे बघितलं. मग आवाज न करता, नुसत्या ओठांनी बोलले. मला कळलं नाही. ते परत बोलले, सावकाश, मूल बोलायला शिकवतात तसं. तिसऱ्यांदा मला कळलं.

"हिला पाठव. पोरीकडं. एकदा."

ही मागणी मी कुणाकडे नेऊ? कलेक्टरकडे? मालकाकडे? पहिल्यांदाच माझ्याकडे अशी मागणी आली, जिचा पत्ता माझाच होता.

यंत्रातल्या मामांना मी सरांशी भांडून काढायला लावलं. बाकीची पाच माणसं अजून आहेत. पण आता ज्या मुलाला त्यातल्या कुणाशी बोलायचंय, त्यानं आधी त्या खऱ्या माणसासमोर तासभर वही मिटून बसायचं, असा नियम केलाय. अर्धी मुलं पळवाटा काढतात. प्रणाली पंख्याचं काम मामांच्या खोलीत बसूनच करते, मामा डाव्या हातानं चुका दाखवतात. होईल तेव्हा होईल. अक्का त्याकडे ढुंकूनही बघत नाही. तिचा यंत्रावरचा विश्वास उडालाय, आणि माझ्यावरचाही, आणि त्यात तिचं काही चुकलेलं नाही. भिवंडीची नात बसायला लागली. अक्कानं तिला फोनवरच बघितलंय.

मी रोज संध्याकाळी सातला पूर्व भागात जाते. सकाळची गोळी अक्का देते, संध्याकाळची मी. मामांच्या समोर बसायचं, चेहरा वर ठेवायचा, 'गोळी' म्हणायचं, डाव्या तळहातावर ठेवायची. मामा ती घेतात आणि माझी चेष्टा म्हणून तोंड उघडून जीभ दाखवतात. अक्का विड्या वळत बघत असते. एकही दिवस चुकवलेला नाही.

परवा गोळी झाल्यावर मी म्हटलं, "अक्का, भिवंडीचं तिकीट काढू का?"

अक्कानं हातातली विडी पुरी केली, दोरा गुंडाळला, सुपात टाकली.

"अजून बघू दे," ती म्हणाली.